कडेवरचा बिंदू

काकू पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन सेमिनार हॉलबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. निकाल लागायच्या आधी पेढे आणू नका, असं मी त्यांना आदल्या दिवशीच सांगून पाहिलं होतं. पण हुपरीकर सरांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या व्हायव्हाला, म्हणजे पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला, त्या असाच डबा घेऊन येत, आणि आजवर एकदाही तो भरलेला परत न्यावा लागला नव्हता.

"तू यांची शेवटची," माझ्या पदराची पिन नीट करत त्या म्हणाल्या. "तुझ्याच वेळी रीत मोडू होय?"

शेवटची हा शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारला. त्या घरात आता आडपडदा उरला नव्हता. घशाचा कॅन्सर काढताना डॉक्टरांनी सरांचं स्वरयंत्रही काढलं होतं, आणि एवढं करूनही तो खाली फुप्फुसात उतरलाच होता. सर दिवाळी बघणार नाहीत हे काकूंना माहीत होतं, सरांना माहीत होतं आणि सगळ्या गणित विभागाला माहीत होतं. तेव्हा एप्रिल चालू होता.

घाई मलाही होती. एका तालुक्याच्या कॉलेजात मी तासांवर शिकवत होते. जूनच्या आत पीएच.डी. झाली तर तिथली कायमची जागा माझी, नाहीतर ती दुसऱ्याला जाईल, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिशी ओलांडलेल्या, लग्न न झालेल्या आणि धाकट्या भावाच्या संसारात एक खोली अडवून बसलेल्या बाईला कायमची जागा म्हणजे काय असतं, ते मी इथे फोड करून सांगत बसत नाही.

माझं काम काय होतं ते मात्र थोडं सांगावं लागेल. एक गोल चकती डोळ्यांपुढे आणा. या चकतीवर फंक्शन्सचं एक मोठं कुटुंब राहतं. ही अ‍ॅनॅलिटिक फंक्शन्स फार शिस्तीची. एखाद्याचा लहानसा तुकडा जरी हाती लागला तरी बाकीचं सगळं ठरून जातं. यातल्या एका फंक्शनला उचलून त्याचं दुसरं करणारं जे यंत्र, त्याला आम्ही ऑपरेटर म्हणतो. काही आकडे असे असतात की ते या यंत्रातून वजा केले की यंत्र उलटं फिरवता येत नाही. अशा सगळ्या अडेल आकड्यांचा मिळून त्या ऑपरेटरचा स्पेक्ट्रम होतो. आमचे आकडे सपाटीवर बिंदूंसारखे पसरलेले असतात. माझं प्रमेय असं होतं की शून्याभोवतीच्या एका ठरावीक वलयातला एकही आकडा माझ्या ऑपरेटरच्या स्पेक्ट्रममध्ये नाही.

माझ्या ऑपरेटरमध्ये चकतीतले सगळे बिंदू सरकत सरकत एकाच बिंदूकडे जात. हा बिंदू चकतीच्या आत नव्हता, कडेवर होता. सरकताना फंक्शनला एका भाराने, म्हणजे जागेप्रमाणे बदलणाऱ्या आकड्याने, गुणलं जाई, आणि कडेवरच्या त्या बिंदूपाशी हा भार शून्य असला पाहिजे, अशी अट सरांनी मला पहिल्याच पानावर घालायला लावली होती. सिद्धता पुरी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती अट मी कुठेच वापरलेली नाही. काढून टाकू का, असं मी सरांना विचारलं. तोवर त्यांचा आवाज गेला होता. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'राहू दे. लागेल.' म्हाताऱ्या माणसाची सावधगिरी, असं मनात म्हणून मी ती राहू दिली.

या प्रमेयावर सरांचा माझ्यापेक्षा जास्त जीव होता. आयुष्यभर त्यांनी लहान लहान, नेटके निकाल लिहिले होते, आणि ते कोणी फारसे वाचले नव्हते. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी तब्येतीबद्दल अक्षरही लिहिलं नाही. 'हे एक खरं ठरू दे. मग जायला हरकत नाही,' एवढंच त्यांनी पाटीवर लिहून मला दाखवलं आणि काकूंच्या नजरेला पडायच्या आत पुसून टाकलं.

आता सरांच्या सेमिनारचा नियम. बोलणाऱ्याने कागद न घेता फळ्यापाशी उभं राहायचं. सर पहिल्या रांगेत लाकडी पाठीचा डस्टर घेऊन बसत. सिद्धतेत कुठे खोट दिसली की ते डस्टर बाकावर आपटत, एकदाच. डस्टर वाजला की बोलणं बंद. मग आपली चूक आपणच शोधायची, आणि ती सापडेपर्यंत मागे वळून सरांकडे बघायचं नाही. नवीन मुलं सवयीने वळत, तेव्हा सर म्हणत, "माझ्या तोंडाकडे काय बघता? चूक तिथे नाही, फळ्यावर आहे." समोर बसलेल्यांनीही सूचना द्यायची नाही, त्यांनीही फळ्याकडेच बघायचं. आवाज गेल्यावर सरांकडे हा डस्टर तेवढा राहिला. आम्ही त्यांचे विद्यार्थी त्या एका आवाजावर इतके तयार झालो होतो की रस्त्यात कुठे लाकूड आपटलं तरी तोंडातलं वाक्य अर्धं राहायचं.

व्हायव्हाला परीक्षक म्हणून नागपूरचे प्रा. बोधनकर आले होते. सरांचे जुने स्नेही, गोड बोलणारे. त्यांनी प्रबंध वाचला होता, अहवाल चांगला दिला होता, आणि सकाळीच माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले होते की आजचा दिवस नुसता उपचार आहे. हॉलमध्ये विभागातले सगळे होते. सरांचाच विद्यार्थी, माझ्या आधी डॉक्टर झालेला इक्बाल मुल्ला मधल्या रांगेत बसला होता. सर नेहमीच्या जागी. गळ्यावर पांढरा रुमाल, त्याखाली श्वासाची नळी, समोर बाकावर डस्टर. काकू आत येत नसत. गणित ऐकलं की मला झोप येते, म्हणत.

मी चांगलं बोलले. हे मी फुशारकीने सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगते. अक्षर सरळ येत होतं. बोधनकर मान हलवत होते. मुख्य प्रमेयापाशी आले, सरांचा एक जुना निकाल लावून पायरी लिहिली, आणि पुढची ओळ सुरू करणार तोच डस्टर वाजला.

मी थांबले. सगळा हॉल थांबला.  बोधनकर काहीतरी बोलू लागले, बहुधा हेच की आज मार्गदर्शकाने हरकत घ्यायची नसते. पण हॉलमधल्या पाच-सहा जणांनी त्यांना हाताने गप्प केलं असावं, कारण ते मध्येच थांबले. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. वरपासून एकेक पायरी पुन्हा वाचली. काही दिसेना.

डस्टर पुन्हा वाजला.

सर कधी दोनदा वाजवत नसत.  इतकी ढोबळ चूक आहे की काय, की सरांना धीर धरवत नाही? मी त्या शेवटच्या पायरीकडे बघत राहिले. सरांचा जुना निकाल. तो मला तोंडपाठ होता. त्याचं पहिलं वाक्य मी मनात म्हटलं आणि मग पुन्हा एकदा म्हटलं. त्या निकालात सगळे बिंदू ज्याच्याकडे जातात तो बिंदू चकतीच्या आत असावा लागतो. माझा कडेवर होता, आणि कड चकतीत धरत नाहीत. तो निकाल मला इथे वापरताच येत नव्हता. तीन वर्षांत हे मला दिसलं नव्हतं, परीक्षकांना दिसलं नव्हतं, आणि त्या पायरीवर तर माझं सगळं प्रमेय उभं होतं.

मागे डस्टर फरशीवर पडल्याचा आवाज झाला. तरीही मी वळले नाही. आधी चूक मोठ्याने सांगायची, असा नियम होता.

"ही पायरी बसत नाही," मी फळ्याला म्हणाले. "बिंदू कडेवर आहे."

तेवढ्यात दार आपटलं आणि काकू धावत आल्या. डस्टर पडलेला त्यांनी बाहेरून ऐकला होता. मी वळून पाहिलं तेव्हा सरांचा चेहरा काळानिळा झाला होता आणि दोन्ही हात गळ्याशी होते. आमच्यापैकी एकाचंही त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तोवर सगळे फळ्याकडे बघत होते. काकूंनी रुमाल ओढून काढला, आतली नळी फिरवून बाहेर घेतली आणि तिच्यात अडकलेला वाळका कफ पदरानेच काढला. सरांच्या गळ्यातल्या भोकातून शिट्टीसारखा आवाज आला आणि छाती हलली. मग त्यांना उचलून गाडीत घातलं. पेढ्यांचा डबा बाहेर बाकाखाली पडला होता, आणि तो कोणी उचलला ते मला आठवत नाही.

बोधनकर दवाखान्यातून दुपारी परत आले. सरांचा जीव वाचला होता, पण छातीत कफ भरला होता आणि डॉक्टरांनी चांगलं काही सांगितलं नव्हतं. बोधनकरांनी मला बसवलं, पाणी दिलं. ते म्हणाले की प्रसंग बघता सकाळचं तेवढंच पुरे, ते उत्तीर्ण म्हणून सही करून संध्याकाळच्या गाडीने निघतील. मी म्हणाले, प्रमेयात चूक आहे. ते म्हणाले की चूक असली तर ती नंतर निस्तरता येईल, आधी डिग्री पदरात पाडून घ्या ना बाई. मी म्हणाले, सरांनी थांबवलंय.

बोधनकरांनी अहवालाचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी व्हायव्हा तहकूब केल्याचं लिहिलं.

इक्बालने मला जिन्यात गाठलं. तो चिडला होता. "तू खुळी काय गं? सरांचा श्वास अडकला होता. त्यांनी डस्टर वाजवला तो माणसं हाक मारतात तसा वाजवला."

"मग चूक कशी सापडली?"

"सापडली तर सापडली. तासभर शोधलं तर कुणाच्याही प्रबंधात सापडंल."

"नेमकी त्याच पायरीवर, इक्बाल? सरांनी आधी चूक बघितली. जीव नंतर घाबरा झाला."

तो मान झटकून जिना उतरून गेला. माझ्याकडे सगळ्याचं उत्तर होतं. चूक सापडली, म्हणजे सरांनीच ती दाखवली. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाने आपलं लाडकं प्रमेय स्वतःच्या हाताने थांबवलं, खोटं खपवून घेतलं नाही, असं मला वाटत होतं. जागा जाणार हे कळत होतं आणि तरी मला अभिमान वाटत होता. तो दिवसभर टिकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेले. सर उशांना टेकून बसले होते. काकू खिडकीपाशी मोसंबी सोलत होत्या. सरांच्या छातीवर पाटी होती, आणि कोणाला बोलवायचं झालं तर पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायला हातात चमचा दिलेला होता. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच पाटीवर लिहिलं, 'डॉक्टर झालात?'

ते लाडाने विचारत आहेत की खरंच विचारत आहेत, ते मला कळेना. मी पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि म्हणाले, "नाही झाले, सर. पण तुम्ही चूक दाखवून थांबवलंत म्हणून मी तुमचे आभार मानायला आले आहे."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'श्वास.'

मी ते वाचलं. काकूंनीही मान वळवून वाचलं. "अगं, श्वास अडला होता म्हणून वाजवत होते ते," काकू म्हणाल्या. "कोणी बघेचना, असं काल रात्री लिहून सांगितलं मला."

त्या रागाने बोलल्या नाहीत. मोसंबी सोलायच्याही थांबल्या नाहीत.  मी उठून जायला हवं होतं, पण सरांनी माझ्या मनगटाला धरलं आणि दुसऱ्या हाताने लिहिलं, 'कसली चूक?'

त्यांना माहीतच नव्हती. मी तोंड उघडेपर्यंत त्यांच्या लेखी प्रमेय खरं होतं, आणि कालच्या दिवशी मी ते सगळ्यांसमोर सिद्ध करून डॉक्टर झाले होते. त्या खोलीत ती चूक मला एकटीला ठाऊक होती, आणि आभार मानण्याच्या भरात मीच ती त्यांच्या उशाशी आणून ठेवली होती.

काही नाही सर, किरकोळ आहे, असं मी म्हणाले. त्यांनी मनगट सोडलं नाही. समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंत हिरव्या ऑइलपेंटची होती, फळ्यासारखी गुळगुळीत. त्यांना कागद नको होता. त्यांना मी उभं राहून सांगायला हवं होतं. त्यांच्याशी खोटं बोलायची रीत मला कोणी शिकवलीच नव्हती, म्हणून मी उभी राहिले.

मी बोटाने भिंतीवर चकती काढली. ऑपरेटर सांगितला, भार सांगितला, वलय दाखवलं. सरांनी डोळे मिटले होते. ते ऐकताना असेच मिटत. मी ज्या पायरीवर थांबले होते तिथे आले. म्हणाले, "इथे मी तुमचा निकाल लावला. पण तो आतल्या बिंदूसाठी आहे, आणि आपला बिंदू कडेवर आहे. म्हणून पायरी पडते आणि प्रमेयही पडतं."

दांडीवर चमचा वाजला.

मी भिंतीकडे बघत राहिले नाही. एकदा चुकले होते, पुन्हा चुकणार नव्हते. मी धावत दाराशी गेले आणि सिस्टरला हाक मारली. काकू मोसंबी टाकून उठल्या. सर नाही-नाही अशी मान हलवत होते आणि चमचा वाजवतच होते. सिस्टर आली, तिने आतली नळी काढून उजेडात धरली.

"नळी तर स्वच्छ आहे," ती म्हणाली.

सरांनी तिचा हात ढकलला. ते भिंतीकडे बोट करत होते, माझ्याकडे बघत होते, पुन्हा भिंतीकडे. काकूंना वाटलं की त्यांना खिडकी हवी आहे, त्यांनी खिडकी उघडली. पाटी आडवी येत होती म्हणून त्यांनी ती उचलून कपाटावर ठेवली. सिस्टरने चमचा काढून घेतला, सलाइनची सुई निघेल म्हणून हात धरून ठेवला आणि मला म्हणाली, "बाई, तुम्ही बाहेर व्हा. तुम्हाला बघून पेशंटला त्रास होतोय."

तिचं म्हणणं मला पटलं. मी बाहेर झाले. दारातून वळून पाहिलं तेव्हा त्यांची बोटं गादीवर आपटत होती. गादीवर आवाज होत नाही.

सर त्याच रात्री गेले. तेराव्याला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी मला जवळ बसवून घेतलं. तुझं प्रमेय चुकलं हे ऐकून ते फार तळमळले, असं त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांनी त्यात भर घातली की असेना का, निदान खरं तरी ऐकून गेले.

जून उलटला आणि कॉलेजची जागा दुसऱ्याला मिळाली. नव्या मार्गदर्शकांनी ते प्रकरण प्रबंधातून काढून टाकायला लावलं. मेलेल्या माणसाच्या नजरेतून सुटलेली चूक कशाला उगाळता, असं त्यांचं मत पडलं आणि मला ते दयाळूपणाचं वाटलं. उरलेल्या बारीकसारीक निकालांवर मला दोन वर्षांनी डिग्री मिळाली. तोवर जागा भरल्या गेल्या होत्या. मी दूरच्या एका गावात ज्युनिअर कॉलेजला लागले आणि अकरावी-बारावीला शिकवत राहिले. त्या प्रमेयाला मी परत हात लावला नाही. नळी स्वच्छ आहे, हे सिस्टरचं वाक्य मात्र अधूनमधून कानात यायचं, आणि नळी स्वच्छ होती तर सर चमचा कशासाठी वाजवत होते, हा विचार मी पुरता होऊ देत नसे.

पुष्कळ वर्षांनी मार्च महिन्यात बोर्डाच्या परीक्षेला मी सुपरव्हिजन करत होते. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे की तिथे वाचायची, लिहायची, बसायची सोय नसते. बाकांच्या रांगांतून चालायचं आणि मन मोकाट सोडायचं. एक मुलगी प्रश्नपत्रिकेकडे बघत हळू आवाजात स्वतःशी पुटपुटत होती, दिलेलं सगळं वापरलं का, दिलेलं सगळं वापरलं का. कोणीतरी शिकवलं असेल. गणित सुटलं की बघावं, दिलेली एखादी गोष्ट वापरायची राहून गेली का.

मी चालता चालता थांबले.

मी भार वापरलाच नव्हता. कडेवरच्या त्या बिंदूपाशी भार शून्य होता, आणि सगळे बिंदू त्याच्याकडेच जात होते. ऑपरेटर पुन्हा पुन्हा चालवत गेलं की प्रत्येक वेळी शून्याच्या आणखी जवळच्या भाराने गुणलं जाणार. त्या गुणाकारापुढे वलयातला एकही आकडा टिकणार नव्हता. जुना निकाल लागत नव्हता, हे खरं होतं. पण त्याची गरजच नव्हती. त्याच्या जागी एक ओळ पुरत होती, आणि ती सरांनी मला पहिल्या पानावर लिहायला लावली होती. राहू दे, लागेल. प्रमेय खरं होतं. त्या दुपारी भिंतीपाशी मी पायरी पडते म्हणाले तेव्हा सरांना श्वास नीट येत होता, आणि त्यांनी मला थांबवलं होतं. त्या वेळी मी फळ्याकडे बघायला हवं होतं.

माझी मूठ आपोआप टेबलावर आपटली. फार मोठा आवाज झाला असावा. वर्गातल्या सगळ्या मुलांनी हातातली पेनं थांबवली आणि माना वर केल्या. पहिल्या बाकावरचा मुलगा अर्धवट उठून मला विचारू लागला की बाई, बरं वाटत नाही का.

मी त्यांना लिहा म्हणाले, पण बराच वेळ कोणी लिहिलं नाही. फळ्याकडे एकानेही पाहिलं नव्हतं. सगळेच्या सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.